सही कोणाची?

गावच्या जुन्या दप्तरातला एखादा कागद हाती आला, तर जाणता माणूस आधी मजकूर वाचीत नाही. तो तळाशी पाहतो. तेथे ‘दस्तुर खुद्द’ असे शब्द असले, म्हणजे ज्याचे नाव त्याचाच हात. ‘बिकलम’ असे असले, म्हणजे लिहिणारा दुसराच कोणी, आणि त्याचे नाव पुढे दिलेले. पाटलाला अक्षर येत नसेल तर कुळकर्ण्याने मजकूर लिहावा आणि पाटलाने खाली नांगराची निशाणी करावी. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा असू शकतो, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. ते कागदावर तसे स्पष्ट नमूद करीत आणि मोकळे होत.

हे सांगण्याचे कारण असे, की आज ज्या छंदाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे, त्या छंदातली सारी गंमत आणि सारे दुखणे नेमके येथेच आहे. अमेरिकेतील हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांतले, आणि पुढे टेलिव्हिजनवरचे, जे नामांकित नटनटी होऊन गेले, त्यांचे स्वाक्षरी केलेले फोटो जमविणारे लोक जगभर आहेत. कोणी शंभर जमवितो, कोणी एकाच नटाचे पन्नास जमवितो. पैसेही पुष्कळ मोजले जातात. परंतु फोटोवर नाव असले, तरी हात कोणाचा? ‘दस्तुर खुद्द’ की ‘बिकलम’? अमेरिकेतल्या त्या फोटोंवर हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते ज्याचे त्याने ओळखावयाचे असते.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या नटाच्या फोटोवर चार अक्षरे खरडलेली, त्याचे एवढे काय? शंका रास्त आहे. सिनेमा पाहताना नट आपल्याला दिसतो, पण तो तेथे नसतो. पडद्यावर उजेड आणि सावली एवढेच असते. नाटकातल्या नटासारखा तो आपल्यासमोर घाम गाळीत उभा नसतो. सही मात्र त्याच्या हाताने, एका विशिष्ट दिवशी, त्या विशिष्ट कागदावर केलेली असते. तो कागद त्याच्या टेबलावर होता, त्यावर त्याचे मनगट टेकले होते. पडद्यावरच्या सावलीने मागे ठेवलेला एवढा एकच खरोखरीचा पुरावा. म्हणून हात दुसऱ्याचा निघाला, की जमविणाऱ्याचे पैसे तर जातातच, पण ज्या गोष्टीसाठी त्याने तो फोटो घेतला तीच मुळी नव्हती असे ठरते. आपल्या भाषेने या गोष्टीला शब्दही किती नेमका दिला आहे पाहा: स्वाक्षरी. स्वतःचे अक्षर.

आता हे फोटो मुळात निघाले कसे, ते पाहू. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळात अमेरिकेतील कंपन्या नटांची नावे छापीतच नसत. नाव झाले म्हणजे पगार वाढवून मागतील, हा हिशेब! फ्लॉरेन्स लॉरेन्स नावाची नटी लोकप्रिय झाली, तरी लोक तिला नुसते ‘बायोग्राफ कंपनीची मुलगी’ म्हणून ओळखीत. १९१० साली कार्ल लेम्ली या निर्मात्याने तिला आपल्याकडे ओढले आणि तिच्या नावाचा मोठा गाजावाजा केला. पुढच्याच वर्षी ‘फोटोप्ले’ हे सिनेमाचे मासिक निघाले. नाव कळले, तोंडवळा ओळखीचा झाला, मग लोक पत्रे लिहू लागले. पत्राच्या शेवटी बहुतेक एकच विनंती असे: तुमचा सही केलेला फोटो पाठवा.

पत्रे दहा-वीस असती तर नटाने उत्तरे दिली असती. ती पोत्यांनी येऊ लागली. तेव्हा मोठमोठ्या स्टुडिओंनी या पत्रांसाठी स्वतंत्र खातेच उघडले. जसे नेपथ्याचे खाते, कपड्यांचे खाते, तसे हे टपालाचे खाते. तेथे कारकून मुली बसत, पत्रे फोडीत, पाकिटे लिहीत आणि फोटो घालून पाठवीत. फोटो फार सुंदर असत, यात शंका नाही. जॉर्ज हरेलसारखे कसबी छायाचित्रकार स्टुडिओंनी पदरी ठेवले होते. त्यांनी उजेड-सावलीची जी कामगिरी करून ठेवली आहे ती आजही पाहत राहावी अशी आहे. संग्राहकांच्या फायलीत तुम्हांला बहुधा आठ इंच बाय दहा इंच असे माप सापडेल. त्याहून लहान, पोस्टकार्डाएवढेही असत. आणि सह्या? त्या बऱ्याच वेळा याच खोलीत होत. नटाच्या सहीचा नमुना समोर ठेवावयाचा, वळण गिरवून हात बसवावयाचा, आणि दिवसभर सह्या करीत बसावयाचे. कारकुनाला आपण फसवणूक करतो आहो असे वाटत नसावे. पत्राला उत्तर देणे हे कंपनीचे काम आणि सही करणे हा त्या कामाचा एक भाग. पण दूरच्या एखाद्या खेड्यातून ज्या मुलाने पत्र पाठविले, तो ते नाव उशाशी घेऊन झोपत असेल. त्याला कोणी ‘बिकलम’ असे कळविले नाही.

या सगळ्यात जीन हार्लो या नटीची हकीकत मला फार विलक्षण वाटते. तिचे खरे नाव हार्लीन कार्पेंटर. जन्म १९११ चा. १९३० साली ‘हेल्स एंजल्स’ या विमानांच्या चित्रपटातून ती एकदम पुढे आली, नंतर मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीत गेली, आणि १९३७ च्या जूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने वारली. वय अवघे सव्वीस. हातात मिळालेली वर्षे सात, आणि त्यांत कामाचा रगाडा. तरीही तिच्या सहीचे फोटो बाजारात सर्रास दिसतात. हे कसे?

त्यातले बहुसंख्य फोटो तिच्या आईने सही केलेले आहेत. आई मुलीच्या अगदी जवळ राहत असे, तिच्या सगळ्या कारभारात लक्ष घालीत असे, आणि पत्रे आली की फोटोंवर मोठ्या, डौलदार, फर्राटेदार अक्षरांत ‘जीन हार्लो’ असे लिहून पाठवीत असे. जमविणाऱ्या लोकांत ही गोष्ट आता इतकी प्रसिद्ध आहे की ‘आईची सही’ असा एक वेगळा प्रकारच मानला जातो, आणि त्याचीही किंमत ठरलेली असते. खुद्द मुलीच्या हातची फोटोवरची सही सापडणे फार दुर्मिळ. तिच्या सह्या ओळखावयाच्या त्या करारपत्रांवरून आणि बँकेच्या धनादेशांवरून, कारण बँकेत आईची सही चालत नाही!

पण खरी मौज पुढेच आहे. ‘जीन हार्लो’ हे नाव मुलीने घेतले कोठून? ते तिच्या आईचे माहेरचे नाव. म्हणजे आई त्या फोटोवर जे लिहीत होती, ते एका अर्थी तिचे स्वतःचेच नाव होते. मग ही सही खोटी म्हणावी काय? मी वर्गात मुलांना हा प्रश्न घालतो तेव्हा वर्गाचे दोन तट पडतात. माझे मत विचाराल तर फोटो मुलीचा आहे, मागणी मुलीच्या सहीची होती, तेव्हा ती मुलीची सही नव्हे. मात्र तिला मी कारकुनाच्या सहीच्या पंक्तीला बसविणार नाही. मुलगी गेल्यावर त्या बाईने एकवीस वर्षे काढली. त्या नावाला तिच्याइतके कोणी चिकटून राहिले नसेल.

याच्या अगदी उलट तऱ्हा ग्रेटा गार्बोची. १९४१ नंतर तिने एकाही चित्रपटात काम केले नाही, १९९० पर्यंत ती जगली, आणि चाहत्यांना सही देण्याचे तिने शक्यतो टाळलेच. म्हणून गार्बोचा सहीचा फोटो कोणी स्वस्तात देऊ लागला, तर आपण हात जोडून घरी यावे, हे उत्तम.

बरे, मग ओळखावयाचे कसे? येथे शिक्षकबंधूंनी जरा लक्ष द्यावे, कारण यातले बरेचसे वर्गात करून दाखविता येते.

सर्वांत सोपा प्रकार छापील सहीचा. मूळ फोटोवर एकदा सही करून घ्यावयाची, त्याचाच पुन्हा फोटो काढावयाचा आणि हजारो प्रती छापावयाच्या. अशी सही फोटोच्या आत असते, वर नसते. फोटो उजेडात तिरपा धरून बहिर्गोल भिंगातून पाहा. खऱ्या शाईचा थर चकचकीत पृष्ठभागावर वेगळा उठून दिसतो, त्याची चमक निराळी असते. छापील सहीवरून मात्र फोटोची चकाकी अखंड जाते, मध्ये खंड पडत नाही. सही पांढरी असेल तर विशेष जपून पाहावे. निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिले की छापताना तेथे उजेड अडतो आणि अक्षर पांढरे उमटते.

रबरी शिक्क्याची सही आपल्या कचेऱ्यांत सर्वांनी पाहिलेली आहे. शाई सपाट बसते, कडेला थोडी साचते, आणि जेथे एक रेघ दुसरीला ओलांडते तेथे रंग गडद होत नाही. लेखणीने लिहिताना असे होत नाही. टाकाने किंवा फौंटनपेनने लिहिणारा हात वर जाताना हलका असतो आणि खाली येताना दाब देतो. रेघ कोठे बारीक, कोठे जाड होते.

तिसरा प्रकार यंत्राचा. त्याला ऑटोपेन म्हणतात. माणसाच्या सहीचा एक साचा करतात, यंत्राचा दांडा त्या साच्यावरून फिरतो आणि दांड्याला लावलेले खरे पेन खऱ्या शाईने सही करते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हे यंत्र प्रचारात आले. पुढारी, अधिकारी, नट, सर्वांनी ते वापरले; अध्यक्ष केनेडी यांच्या यंत्रातल्या सह्यांवर तर चार्ल्स हॅमिल्टन या जाणकाराने १९६५ साली एक पुस्तकच लिहिले. शाई खरी, पेन खरे, अक्षराचे वळणही खरे, मग पकडावयाचे कशावरून? तर ती फार बरोबर येते यावरून! वर्गातल्या मुलाला दोन कोऱ्या पातळ कागदांवर पाच-पाच वेळा आपले नाव लिहावयास सांगा. मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावा. एकही नाव दुसऱ्या नावावर तंतोतंत बसणार नाही. हात हा असाच असतो. दोन सह्या जर केसाचाही फरक न राहता जुळल्या, तर निदान एक तरी यंत्राची, आणि बहुधा दोन्ही. यंत्राची रेघ सर्वत्र एकाच दाबाची असते. पेन टेकते आणि उचलते तेथे पुष्कळदा ठिपका पडतो, हीही एक खूण.

कारकुनाची सही सर्वांत अवघड, कारण तेथे हात खराच असतो, फक्त दुसऱ्याचा. तेथे तुलनेवाचून गत्यंतर नाही. करारपत्र, धनादेश, घरच्या माणसांना लिहिलेली पत्रे, असे निःसंशय नमुने जमवून त्यांच्याशी अक्षर ताडून पाहावयाचे. त्यातही वयाचा विचार ठेवावा लागतो. विशीतल्या नटाची सही आणि साठीतल्या त्याच नटाची सही सारखी कशी असेल?

आणि शेवटी निव्वळ लबाडीची नक्कल. या लबाडाला पकडावयास अक्षराआधी वस्तूंकडे पाहावे, असे मला वाटते. अक्षर त्याने वर्षभर गिरविलेले असते, पण पेन आणि कागद तो आजचा वापरतो. अमेरिकेच्या बाजारात बॉलपेन विकावयास आले ते १९४५ च्या ऑक्टोबरात. मग १९३७ साली वारलेल्या जीन हार्लोने फोटोवर बॉलपेनने सही कशी केली? शार्पी नावाचे जाड टोकाचे, न पुसणाऱ्या शाईचे पेन १९६४ साली निघाले. जेम्स डीन १९५५ साली मोटार अपघातात गेला, हम्फ्री बोगार्ट १९५७ साली, क्लार्क गेबल १९६० साली. या तिघांच्या फोटोंवर तसल्या पेनची काळी ठळक सही दिसली, तर आणखी पुरावा कशाला हवा? तीच गोष्ट कागदाची. फोटोचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी द्रव्ये घालतात ती १९५० च्या सुमारास वापरात आली. दुकानदार नोटा तपासण्यासाठी जो जांभळा दिवा ठेवतात, त्याखाली असा कागद निळसर लखलखतो. १९३५ सालचा म्हणून दाखविलेला फोटो लखलखला, की तो नंतर छापलेला आहे हे आंधळ्यालाही दिसेल. शाळेच्या प्रयोगशाळेला हा दिवा सहज परवडतो.

अमेरिकेत हा लबाडीचा धंदा केवढा फोफावला होता, हे १९९० नंतरच्या दशकात उघड झाले. तेथील केंद्रीय तपास खात्याने कॅलिफोर्नियात मोठी मोहीम हाती घेतली. मुख्य रोख खेळाडूंच्या खोट्या सह्यांवर होता, पण सिनेमानटांच्या सह्याही त्यात सापडल्या. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलचे चेंडूसुद्धा मिळाले! कलकत्त्याच्या त्या माउलीने बेसबॉलवर सह्या केव्हा केल्या, हे विकत घेणाऱ्यांनी विचारले नाही, याचे नवल वाटते. पुढे २०१७ पासून कॅलिफोर्नियाने खेळाडूंपुरता असलेला कायदा इतर सह्यांनाही लागू केला: विकणाऱ्याने सहीच्या खरेपणाचे प्रमाणपत्र द्यावे. त्या कायद्यासाठी ‘स्टार वॉर्स’मधील नट मार्क हॅमिल याने स्वतः पुढाकार घेतला होता, कारण त्याच्या नावाच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला होता. नंतर लगेच कायद्यात दुरुस्त्याही झाल्या. प्रमाणपत्राचे म्हणाल, तर तोही एक सही केलेला कागदच. तो कोणी दिला हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये.

टेलिव्हिजन आल्यावर प्रकार फारसा बदलला नाही, पसारा मात्र वाढला. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि लूसील बॉल ही बाई अमेरिकेच्या घराघरांत शिरली. तिच्या नावाने सेक्रेटरींनी केलेल्या सह्या तिच्या स्वतःच्या सह्यांत अशा मिसळल्या आहेत की भलेभले चकतात. पुढे जुन्या मालिकांचे नट चाहत्यांच्या मेळाव्यांत टेबल मांडून बसू लागले आणि पैसे घेऊन समोरासमोर सही देऊ लागले. काहींना हे हिणकस वाटते. मला तसे वाटत नाही. म्हाताऱ्या नटाला चार पैसे मिळतात, आणि मुख्य म्हणजे सही करताना आपण स्वतः पाहतो. दस्तुर खुद्द!

पण पैसे न घेता, कोणी न सांगता, आपल्या हाताने उत्तरे देणारेही होते, आणि त्यांत पहिले नाव स्टॅन लॉरेलचे. लॉरेल आणि हार्डी ही जोडी आपल्याकडेही जुन्या लोकांना चांगली ठाऊक आहे. एक काटकुळा रडवा, दुसरा लठ्ठ आणि सदा चिडलेला. त्यातला काटकुळा तो लॉरेल. १९५७ साली हार्डी वारला, आणि त्यानंतर लॉरेलने पुन्हा पडद्यावर काम केले नाही. समुद्रकाठी सांता मोनिका येथे एका लहानशा भाड्याच्या जागेत तो बायकोसह राहत असे. त्याचा टेलिफोन नंबर सरळ टेलिफोनच्या पुस्तकात छापलेला होता! कोणीही फोन करावा, कोणीही भेटावयास यावे. टेलिव्हिजनचा पुढे नावाजलेला नट डिक व्हॅन डाइक याने असाच त्या पुस्तकात नंबर शोधून त्याला गाठले. लॉरेल टाइपरायटर घेऊन बसे आणि जगभरच्या पत्रांना स्वतः उत्तरे लिही. फोटोवर ज्याचे त्याचे नाव घालून, ‘हॅलो’ म्हणून सही करी. १९६५ च्या फेब्रुवारीत तो गेला, तोवर हा क्रम चालू होता. म्हणून त्याच्या सहीचे फोटो दुर्मिळ नाहीत आणि किमतीही गार्बोसारख्या आकाशाला भिडलेल्या नाहीत. बाजाराचा न्याय असा उफराटा आहे: ज्याने दिले नाही त्याचे मोल अधिक. मला विचाराल तर मी लॉरेलचाच घेईन.

नाव घातलेल्या फोटोविषयी एक शब्द. ‘अमक्यास सप्रेम’ असे लिहिलेला फोटो विकताना थोडा स्वस्त जातो, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचे नाव नको असते. पण तेवढा अधिक मजकूर मिळाल्यामुळे अक्षर ताडून पाहणे सोपे होते, आणि लबाड माणूस लांब मजकूर लिहावयास कचरतो. तेव्हा परके नाव असले तरी बिघडत नाही, उलट बरेच.

कोणी म्हणेल, हॉलिवूडच्या या गोष्टी आमच्या काय कामाच्या? तर आपल्या शाळेचे शेरेबुक काढून पाहा. कोणकोणत्या थोर माणसांनी पायधूळ झाडली, काय शेरा लिहिला, ते त्यात असेल. समारंभाचे फोटो असतील, त्यांवर पाहुण्यांच्या सह्या असतील. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा तेथेही लागू पडतात. आणि त्या जपावयाच्या रीतीही त्याच. फोटो भिंतीवर उन्हात टांगू नये. उन्हाने शाई उडते, आणि एकदा उडालेली शाई परत आणता येत नाही. लॅमिनेशन तर कधीही करू नये. चिकटपट्टी, डिंक, चिकट पानांचे आल्बम, हे सगळे शत्रू. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो घामेजतो आणि शाई प्लॅस्टिकला चिकटते. त्यापेक्षा चांगल्या कोऱ्या कागदाचे पाकीट पुष्कळ बरे. पावसाळ्यात कपाट बंद ठेवून बुरशीला आमंत्रण देऊ नका. कोरडा दिवस पाहून फोटो बाहेर काढावेत, सावलीत हवा लागू द्यावी. हात धुऊन, कोरडे करून, कडेला धरावे.

फोटोच्या पाठीवर पेनने लिहू नये, अक्षर पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेच्या बाजूला लिहावे: फोटो कोणी दिला, केव्हा, कोठे, सही होताना कोण हजर होते. आणि तो टपालाने आला असेल, तर पाकीट टाकून देऊ नका. त्यावर टपालाचा शिक्का असतो आणि शिक्क्यात तारीख असते.